सरासरी अठ्ठ्याण्णव

कुंदुझने चौथ्यांदा चहा ओतला, तरी दोघे भाऊ अजून तिच्या पायांवरूनच भांडत होते.

"एकशेबारा!" थोरला शुमकार दस्तरखानावर थाप मारून म्हणाला. तळलेल्या बोरसोकांच्या ढिगातले दोन घरंगळले आणि जॅमच्या वाटीत पडले. "पायाखाली स्की एकशेबारा मिलिमीटर रुंद पाहिजे. दुपारी तिला जंगलातून उतरायचंय. तिथला बर्फ म्हणजे चाळलेला मैदा. अरुंद स्की घालून गेली तर कमरेएवढी आत जाईल, ती थेट मे महिन्यात सापडेल!"

कुंदुझने मनातल्या मनात मे महिना मोजला. चार महिने. तोवर सेझिमच्या मागच्या दाढा यायला लागल्या असतील.

"आणि सकाळचं काय, बाइके?" धाकटा मेदेर म्हणाला. मेदेर म्हणजे कुंदुझचा नवरा. "सकाळी माझ्या पार्कात उड्या मारायच्यात, रेलिंगवरून घसरायचंय. तिथे तुमचे ते दरवाजे पायाला बांधून ती काय करणार? चौऱ्याऐंशी! चौऱ्याऐंशीच्या वर एक मिलिमीटर नको."

"दरवाजे कुणाला म्हणतोस?"

"तुमच्या स्कींना. आपा त्यांच्यावर नूडल्स लाटेल."

"माझी लाटायची फळी चांगली आहे," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर दीड वर्षाची सेझिम बोरसोक चोखत बसली होती. "मला तुमच्या भांडणात ओढू नका."

दोघे भाऊ एकाच डोंगरावर काम करायचे आणि त्या डोंगराबद्दल त्यांचं एकाही बाबतीत एकमत नव्हतं. शुमकार परदेशी पाहुण्यांना घेऊन, जिथे कुणाचं पाऊल पडलेलं नाही अशा उतारांवर जायचा. त्याच्या मते माणसाने दाबलेला बर्फ हा बर्फच नव्हे. मेदेर खाली तळावर उड्यांचं पार्क सांभाळायचा. रोज पहाटे फावड्याने बर्फाचे चौथरे, उतरंडी, उड्डाणं कोरायचा, रेलिंगं रोवायचा. त्याच्या मते मोकळ्या बर्फावर काय, बोकडही उतरतो. दहा वर्षं हा वाद चालू होता आणि आता त्याला एक बाई मिळाली होती, जिला एकाच दिवशी दोन्हीकडे उतरायचं होतं. आणि तेही एकाच जोडीवर.

पियाला काठोकाठ भरून देणं म्हणजे "निघा आता" म्हणणं. कुंदुझ सून होती, तिने दोघांचे पियाले रीतीप्रमाणे अर्धेच भरले. पण ते काठोकाठ भरावेत असं तिच्या मनात सकाळपासून तीनदा येऊन गेलं होतं.

ही एका जोडीची अट गेनादी पेत्रोविच यांची. गेनादी पेत्रोविच काराकोलच्या क्रीडाशाळेचे जुने प्रशिक्षक. कुंदुझ बारा वर्षांची असताना त्यांच्या शिट्टीवर उतरायची. आता ते तळावर नवे शिक्षक निवडायचे. लहान मुलांच्या वर्गाला एक शिक्षक हवा होता. जागा एक, परीक्षा शनिवारी. सकाळी पार्क, दुपारी ताजा बर्फ, स्की बदलायच्या नाहीत. "डोंगरावर शिक्षकाच्या मागे कपाट चालत येत नाही," असं त्यांनी सूचनाफलकावर लिहून खाली सही केली होती.

कुंदुझला ती जागा हवी होती, आणि किती हवी होती हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ती बिश्केकच्या सांख्यिकी कार्यालयात नोकरीला होती. बाळंतपणाची रजा एक फेब्रुवारीला संपत होती. बिश्केक सहा तासांवर. ती तिकडे गेली की सेझिम इथे आजीकडे राहणार, हे कुणी ठरवलं नव्हतं. ते ठरवायची गरजच नव्हती. थोरली नात आजीनेच वाढवायची. गावात सगळीकडे तशीच रीत होती. सासूबाईंनी तर गेल्या आठवड्यात सेझिमची गादी उचलून आपल्या पलंगाशेजारी नेली होती. "सवय व्हायला हवी ना," त्या म्हणाल्या होत्या. कुणाला, ते म्हणाल्या नव्हत्या.

आणि सेझिम आजीला आपा म्हणायची, म्हणजे आई. घरात सगळे आजीला आपा म्हणायचे, म्हणून. आईला सगळे कुंदुझ म्हणायचे, म्हणून तीही म्हणायची कुंदुझ. बोबडं बोलायची बाकी सगळं, पण हे नाव मात्र सरकारी कागदावर असावं तसं स्पष्ट.

तळावरच्या त्या नोकरीचे तास नऊ ते तीन होते. शिवाय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी एक उबदार खोली होती. कुंदुझ ती खोली दोनदा जाऊन पाहून आली होती. शेगडीला जाळी होती, खिडकीची कडी वर होती, आणि खेळण्यांत गिळता येईल इतकं लहान काही नव्हतं, एक बटण सोडून. ते तिने उचलून खिशात टाकलं होतं.

स्कींच्या मात्र दोन जोड्या होत्या. नारिंगी जोडी शुमकारने आणलेली, एकशेबारा मिलिमीटर रुंद. ती एका स्विस पाहुण्याची. त्याने गुडघा मोडून घेतला आणि जाताना "हे पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर नको" म्हणून टाकून गेला. काळी जोडी मेदेरची, चौऱ्याऐंशी मिलिमीटर, दोन्ही टोकं वर वळलेली. ती अल्माटीची पोरं पार्कात विसरून गेली होती, आणि तिच्यावर इतके ओरखडे होते की कुंदुझला त्यांतला प्रत्येक ओरखडा म्हणजे एकेक मोडलेलं हाड वाटायचं.

दोन्ही जोड्या नुसत्या फळ्या होत्या. बूट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी मात्र एकाच जोडीच्या होत्या, कुंदुझच्या जुन्या शर्यतीच्या दिवसांतल्या. तिचं पाऊल इतकं लहान की तिच्या बुटाला बसतील अशा दुसऱ्या पकडी साऱ्या काराकोलमध्ये सापडल्या नाहीत. म्हणजे एकदा भोकं पाडून पकडी बसवल्या की बसवल्या. गोंद सुकायला बारा तास. निवड एकदाच.

कुंदुझने निवडीचं काम शास्त्रशुद्ध पद्धतीने केलं. वहीचे चार कागद आडवे जोडून तक्ता आखला. उड्या, रेलिंग, ताजा बर्फ, वळणं, पडण्याची शक्यता, पडल्यावर उठण्याची शक्यता, आणि एक जास्तीचा रकाना: 'हाताला प्लास्टर असताना सेझिमला उचलता येईल का.' प्रत्येकाला गुण दिले, भार दिला, बेरीज केली, भागलं. दोनदा केलं, एकदा उलट बाजूने केलं. उत्तर एकच: अठ्ठ्याण्णव मिलिमीटर.

"अठ्ठ्याण्णव?" मेदेर म्हणाला. "अठ्ठ्याण्णवच्या स्की कुठायत आपल्याकडे?"

"नाहीत."

"मग एवढा वेळ काय केलंस?"

"निदान काय नाही ते तरी कळलं," कुंदुझ म्हणाली आणि तक्त्याची घडी घातली.

पकडी बसवायचं काम सासऱ्यांचं. सासरे चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि आता मागच्या अंगणातल्या छपरीत मुलांच्या घसरगाड्या बनवायचे. बोलणं फार कमी. घरात दोन मुलगे असे असल्यावर तिसऱ्याने बोलायला जागाच उरत नसावी. कुणी काहीही सांगितलं तर ते "हूं" म्हणायचे, आणि हे हूं होकाराचं की नकाराचं, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनाही निकाल लागेपर्यंत कळलं नव्हतं.

बुधवारी शुमकार छपरीत गेला. कुंदुझ अंगणात कपडे वाळत घालत होती. ते वाळत नव्हते, गोठत होते, पण तिथून छपरी नीट दिसायची.

"रुंद जोडीला बसवा," शुमकारचा आवाज आला. "तुमच्या नातीची आई आहे, बुडाली म्हणजे?"

"हूं," सासरे म्हणाले.

गुरुवारी मेदेर गेला. त्या वेळी कुंदुझला अंगणातला बर्फ झाडायची आठवण झाली.

"काळीला बसवा. नारिंगी पायात घालून रेलिंगवर चढली, तर गावभर चर्चा होईल की मेदेरची बायको दरवाजासकट पडली."

"हूं."

शुक्रवारी सकाळी शेवटी कुंदुझ स्वतः गेली. हातात चहाचा पियाला, अर्धा भरलेला. सासऱ्यांसमोर सुनेने मोठ्याने बोलायचं नाही, त्यांनी घेतलेला निर्णय बदला असं म्हणायचं नाही, आणि खरं सांगायचं तर कुठला निर्णय घ्या हे सांगायलाही तिच्याजवळ काही नव्हतं.

"आताके," ती म्हणाली, "अठ्ठ्याण्णव निघालं. तशी जोडी असती तर बरं झालं असतं."

सासऱ्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कसं काढलंस?"

तिने तक्ता दाखवला. त्यांनी सगळे रकाने बोट फिरवून वाचले, प्लास्टरच्या रकान्याजवळ बोट जरा थांबलं. "बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यांनी तिला उद्देशून बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं. मग त्यांनी तक्ता खिशात टाकला आणि छपरीचं दार लावून घेतलं.

शनिवारी सकाळी ते एक लांबलचक गाठोडं खांद्यावर घेऊन आले. जुन्या नमद्यात गुंडाळलेलं, घोड्याच्या केसांच्या दोराने बांधलेलं, दोराला सात गाठी. गाठोडं दस्तरखानाशेजारी ठेवलं. सगळे बसले, तळहात पसरले.

"वाट पांढरी असो," सासऱ्यांनी आशीर्वाद दिला. "पाय एकमेकांचं ऐकोत. हाडं जिथल्या तिथे राहोत. ओमिन."

"ओमिन," सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. सेझिमने बोरसोकासकट फिरवला.

"वर गेल्यावर सोडा," सासरे म्हणाले.

कुंदुझचा हात गाठीकडे जाऊ लागला. "जरा एकदा बघितलं असतं तर..."

"वेडी आहेस का?" मेदेर कुजबुजला. "आशीर्वाद दिलेली गाठ घरात सोडायची? इथे सोडलीस म्हणजे वडिलांवर विश्वास नाही असं झालं."

"तुला माहीत आहे त्यात कुठली जोडी आहे?"

"काळी," मेदेर छातीवर हात ठेवून म्हणाला.

दुसऱ्या कानाशी शुमकार म्हणाला, "त्याचं ऐकू नकोस. नारिंगी."

गाडीत सगळे कोंबून बसले, सासूबाई आणि सेझिमसुद्धा. वाटेत कुंदुझने सेझिमची टोपी चार वेळा नीट केली, गाडीचं दार दोनदा ओढून पाहिलं, आणि गाठोड्यावरून बोटं फिरवून आत काय आहे ते चाचपून पाहिलं. नमदा जाड होता. आत काहीतरी लांब आहे एवढंच कळलं.

तळावर पाच उमेदवार आले होते. त्यांतला आझमत बिश्केकचा, नव्या कोऱ्या जाकिटातला. त्याच्या स्कींवर अजून कारखान्याचा कागद चिकटलेला होता. कुंदुझची नजर त्या कागदावर गेली आणि तिथेच अडकली. रुंदी: ९८.

"छान आहेत तुमच्या," ती म्हणाली.

"पार्क आणि ताजा बर्फ, दोन्हीला चालतात, एजे," आझमत थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला. "दुकानात एक मिनिटात घेतल्या. विचार करायचाच कशाला?"

मेदेरने दातांनी गाठी सोडायला सुरुवात केली. सातवी सुटली, नमद्याची एक बाजू बाजूला झाली आणि आतून नारिंगी रंग चमकला.

"मी म्हटलं नव्हतं?" शुमकारने हवेत मूठ उगारली. "वडिलांना बर्फ कळतो!"

मेदेरचा चेहरा पडला. त्याने नमद्याची दुसरी बाजू उलटली, आणि तिथून काळा रंग चमकला.

"हां!" मेदेर ओरडला. "बघा! काळी!"

मग दोघांनीही वाकून पाहिलं. नमदा रिकामा झाला होता. बर्फावर दोन स्की पडल्या होत्या. डावी नारिंगी, उजवी काळी. दोन्हींवर एकेक पकड, सुबक, घट्ट, गोंदाचा थेंब न सांडता बसवलेली.

"ही चूक आहे," शुमकार म्हणाला.

"वडील चुकत नाहीत," मेदेर म्हणाला.

"मग हे काय आहे?"

"मला काय विचारता? तुम्हीच जाऊन कान भरले असतील!"

"मी? बुधवारी? तू गुरुवारी कशाला गेला होतास?"

"तुम्हाला कसं कळलं मी गुरुवारी गेलो ते?"

आता मागे परतायला वेळ नव्हता, दुसऱ्या पकडी नव्हत्या, गोंद सुकायला बारा तास होते, आणि परीक्षा वीस मिनिटांवर आली होती. इतर उमेदवार जमले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. गेनादी पेत्रोविच शिट्टी गळ्यात घालून आले, वाकून पाहू लागले. एकदा नारिंगीकडे, एकदा काळीकडे, एकदा कुंदुझकडे.

"हे काय आहे, कुंदुझ?"

"जोडी," कुंदुझ म्हणाली.

त्यांनी खिशातून नियमांचा कागद काढला, चष्मा लावला, वाचला. "एक जोडी," ते म्हणाले. "एक जोडी," ते म्हणाले. "स्की दोनच आहेत. तीन असत्या तर काढून टाकलं असतं. शेवटून दुसरा नंबर तुझा."

कुंदुझने दूर पाहिलं. कुंपणापाशी सासूबाई उभ्या होत्या, कडेवर सेझिम. तिच्या डोळ्यांसमोर एक फेब्रुवारीची मिनीबस आली, खिडकीतून हलणारा आपलाच हात आला. तिने नारिंगीत डावा पाय घातला, काळीत उजवा. दोन्ही पकडी कट्‌कन लागल्या.

पहिल्या उडीवरच कळलं की हवेत दोन पायांची मतं वेगळी आहेत. नारिंगीला वारा लागला, काळीला लागला नाही, आणि कुंदुझ दोघींच्या मधे अडकून हळूहळू गोल फिरू लागली. फिरता फिरता कुंपण दिसलं, आणि कुंपणापाशी सेझिमचं उघडं डोकं.

"टोपी!" कुंदुझ हवेतून किंचाळली. "आपा! तिची टोपी!"

ती पाठमोरी उतरली. काळीचं मागचं टोक वर वळलेलं होतं म्हणून वाचली, आणि तशीच उलटी घसरत राहिली, डोळे कुंपणावर, टोपी डोक्यावर जाईपर्यंत. लोकांना वाटलं, हा मुद्दामच केलेला प्रकार आहे. टाळ्या पडल्या. रेलिंगवर नारिंगी मावणारच नव्हती, तेव्हा तिने ती अंगणात चिखल असताना मांजर पंजा उचलतं तशी वर उचलून धरली आणि एका काळीवर पलीकडे गेली. पुन्हा टाळ्या.

"हे माझं पार्क आहे," मेदेर शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला. "ती माझी बायको."

"आणि ती नारिंगी माझी," शुमकार म्हणाला.

दुपारी लिफ्टने सगळ्यांना वर नेलं. लिफ्टच्या खुर्चीवर कुंदुझने आडवा दांडा तीनदा हलवून पाहिला. वर पोचल्यावर खाली गुडघ्याएवढा अनघड बर्फ होता आणि त्यात टोकदार काळी झाडं रांगेने उभी. निळ्या निशाणांमधून उतरायचं, खाली गेनादी पेत्रोविच हातात घड्याळ घेऊन उभे. आझमत पहिला गेला. अठ्ठ्याण्णव मिलिमीटरवर तो असा सुंदर, गुळगुळीत वाहत निघाला की कुंदुझने मनातल्या मनात आपल्या तक्त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मग तो झाडांमागे दिसेनासा झाला.

तिची पाळी आली. नारिंगी लोण्यावर सुरी तरंगावी तशी बर्फावर तरंगली. काळी बुडाली, नांगराच्या फाळासारखी. म्हणजे डावा पाय पुढे जायचा, उजवा अडायचा, आणि कुंदुझ उजवीकडे वळायची. फक्त उजवीकडे. डावीकडचं वळण तिच्या जोडीच्या शब्दकोशातच नव्हतं. पहिलं निळं निशाण चुकलं, दुसरं चुकलं, तिसरं तिने ओळखीच्या माणसाला दुरून हात करावा तसं लांबूनच पाहिलं. ती मोठ्या, संथ गोलात झाडांमध्ये शिरली. "पाय एकमेकांचं ऐकोत," ती पुटपुटली. पाय ऐकत नव्हते.

दोन झाडांमध्ये बर्फात कमरेएवढा रुतलेला आझमत उभा होता. एका पायात स्की, दुसऱ्या पायात नुसता बूट, आणि हातांनी बर्फ उपसणं चाललेलं.

"एजे!" तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "एक गेली! इथेच पडली होती! पंधरा मिनिटं शोधतोय!"

ताज्या बर्फात सुटलेली स्की सापडणं किती कठीण, हे शुमकार दर हिवाळ्यात एकदा तरी सांगायचा, पाहुण्याला धीर द्यायचा असेल तेव्हा. कुंदुझ थांबायचा प्रयत्न करत होती. डावी तरंगत पुढे गेली, उजवी खोल रुतली, आणि रुतलेल्या टोकाला खाली कशावर तरी खट्‌ असा आवाज आला.

ती वाकली, कोपरापर्यंत हात घातला आणि ओढलं. अठ्ठ्याण्णव मिलिमीटर बाहेर आलं, कारखान्याच्या कागदासकट.

क्षणभर तिने ती स्की हातात धरली. मग आझमतचे ओठ निळे पडलेले तिला दिसले, आणि हातमोज्यांतून बाहेर आलेली बोटं, आणि जाकिटाची अर्धवट उघडी चेन.

"आधी चेन लाव," ती म्हणाली. "वरपर्यंत. हातमोजे नीट घाल. रडू नकोस, गालावर गोठेल. आता हा बूट झटक, बर्फ राहिला तर बसणार नाही. झटक म्हटलं ना! हां. आता माझ्या मागे ये, मी जिथे वळेन तिथे वळ."

"तुम्ही तर फक्त उजवीकडेच वळता, एजे."

"मग तूही उजवीकडेच वळ."

दोघे मोठ्या उजव्या गोलांमध्ये, घड्याळाच्या काट्यासारखे, सगळ्यात शेवटी आणि भलत्याच बाजूने खाली आले. गेनादी पेत्रोविच घड्याळ खिशात टाकून तिथेच उभे होते. शुमकारने डोळ्यांवरचे हात काढले.

"सात निशाणं," गेनादी पेत्रोविच म्हणाले, "सातही चुकवलीस."

"हो."

"वेळ विचारूच नकोस."

"नाही विचारत."

"हवेत असताना टोपी-टोपी काय ओरडलीस?"

कुंदुझ लाल झाली. "माझी मुलगी... टोपी काढली होती तिने. कान उघडे होते."

"चाळीस मीटरवरून तुला कान दिसले?"

"गेनादी पेत्रोविच, मला सगळंच दिसतं," कुंदुझ थकून म्हणाली. "मला तोच त्रास आहे."

म्हाताऱ्याने आझमतकडे पाहिलं. त्याची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती आणि तो तिच्या मागे पिल्लासारखा उभा होता. "लहान मुलांच्या वर्गात," ते म्हणाले, "दिवसाला अकरा हातमोजे हरवतात, चार स्की सुटतात, आणि एक तरी पोर रडतं. निशाणांमधून सुंदर उतरणारे मला पुष्कळ मिळतात. सोमवारी नऊला ये." दोन पावलं जाऊन ते परत वळले. "आणि स्की हीच आण. आमच्या भाड्याच्या खोलीत एकही जोडी जुळत नाही. पोरांना बरं वाटेल."

कुंपणापाशी सासूबाईंच्या कडेवरून सेझिमने दोन्ही हात पुढे केले. "कुंदुझ!" ती स्पष्ट म्हणाली. कुंदुझने तिला घेतलं, कान तपासले, गरम होते, आणि मग तिला रडू आलं. आझमतला जे सांगितलं होतं ते आठवून तिने लगेच गाल पुसले.

संध्याकाळच्या चहाला दोघे भाऊ पुन्हा भांडत होते. या वेळी यश कुणाचं यावर.

"पार्कात काळीने वाचवलं तिला."

"जंगलात नारिंगीने तरंगवलं!"

"आताके," कुंदुझने सासऱ्यांचा पियाला अर्धा भरत, अगदी हळू विचारलं, "तुमच्याकडून चुकून झालं का ते?"

सासऱ्यांनी खिशातून तिचाच तक्ता काढला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या होत्या. एकशेबारा अधिक चौऱ्याऐंशी, एकशे शहाण्णव. भागिले दोन, अठ्ठ्याण्णव. खाली बरोबरची खूण.

"तिघं आलात," ते म्हणाले. "तिघांचंही ऐकलं. उत्तर जुळलं."

शुमकार आणि मेदेर दोघेही तक्त्यावर वाकले. सासऱ्यांनी एक घोट घेतला.

"खरं म्हणजे चौघं," ते म्हणाले.

"चौथं कोण?" मेदेरने विचारलं.

सासऱ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. सासूबाई एकदम नूडल्सच्या फळीवरचं पीठ झटकू लागल्या, जे तिथे नव्हतंच.

"आपा?" कुंदुझ कोपऱ्याकडे वळली. "तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार?" सासूबाई म्हणाल्या. "आठ दिवस झाले, ही तुझी पोरगी माझ्या शेजारी झोपतेय. झोपते कुठली! रात्रभर लाथा घालते, पहाटे चारला उठून म्हणते, आपा, घोडा हो. चौसष्ट वर्षांची आहे मी! दोन रेडे वाढवले, पुरे झालं." त्यांनी फळी भिंतीला लावली आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यांना सांगितलं, फळ्या बसवा नाहीतर चाकं बसवा, पण हिला बिश्केकला जाऊ द्याल तर मी माझ्या भावाकडे अक्सूला निघून जाईन. आणि पोरी, ती गादी आजच उचल तिथून."

कुंदुझने किटली उचलली आणि सासूबाईंचा पियाला भरला. ती सासूबाईंच्याच चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तो काठोकाठ भरला, बशीत सांडला.

"जाते हो जाते," सासूबाई म्हणाल्या. "आधी चहा तर पिऊ दे."